परत न आलेला पेशंट बरा झाला, असं कुणी सांगितलं?

गेल्या अंकात मणक्याच्या ऑपरेशनांबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो : 'स्वीडनमध्ये ऑपरेशन झालेल्या माणसाला दहा वर्षांनीसुद्धा विचारणा होते, कंबर काय म्हणतेय.' बाकीच्या तीन पानांवर एकही पत्र नाही, या एका वाक्यावर मात्र पिशवीभर. काही चौकशीची, काही चिडलेली, एक तर थेट गोटेबोर्गहून. जागेपुरती सात घेतली आहेत. पत्रं कापून लहान केली आहेत, त्यांतला राग मात्र तसाच ठेवला आहे.

माझे मिस्टर ६३ वर्षांचे, यंत्रमागाचा धंदा. शे-दीडशे पावलं चालले की पाय भरून येतात, कुठंतरी टेकावं लागतं. एमआरआयमध्ये नसांची जागा अरुंद झालीय आणि चौथा मणका थोडा पुढं सरकलाय असं आलं. एक डॉक्टर म्हणतात, फक्त जागा मोकळी करू. दुसरे म्हणतात, रॉड-स्क्रू घालायलाच हवेत. दोघंही म्हणतात ९५ टक्के यश. ऐकायचं कुणाचं?
— सौ. वि. कु., इचलकरंजी

ताई, आधी त्या ९५ चा समाचार घेऊ, मग स्क्रूकडे वळू.

मिरजेत मणक्याची ऑपरेशनं करायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. पहिली दहाएक वर्षं कुणी विचारलं की मीही हाच आकडा ठोकून द्यायचो. खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं वाटायचं. ओपीडीत परत येणारा पेशंट हसत यायचा, पेढे घेऊन यायचा, सोबत शेजारच्या गावचा नवा पेशंट आणायचा. जो बरा झाला नाही तो माझ्याकडे परत कशाला येईल? तो कोल्हापूरला गेला, पुण्याला गेला, नाहीतर गावच्या चोळणाऱ्याकडे गेला. आणि मी मनात धरून चाललो की आला नाही म्हणजे बरा असणार.

मग एकदा अथणीजवळ एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ भिंतीला खांदा लावून उभे. रांग दोन पावलं सरकली की हेही भिंतीला धरून सरकायचे. चेहरा ओळखीचा वाटला. दीड वर्षापूर्वी मीच त्यांचं ऑपरेशन केलं होतं. मला बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "डॉक्टर, टाके फार छान भरले बघा. पाय तेवढा हाय तसाच हाय." त्या माणसाच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. माझ्या ९५ मध्ये हे गृहस्थ दीड वर्ष बसून होते.

परत आल्यावर एक लांब हिशेबाची वही आणली, दुकानात उधारी लिहायची असते तसली. आमच्या थोरल्या सिस्टर तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांना म्हटलं, रोज दुपारी तासभर बसायचं, वर्षापूर्वी ऑपरेशन झालेल्यांना फोन लावायचे आणि सांगतील ते लिहायचं. मी जवळ बसायचं नाही. कारण डॉक्टरनं विचारलं की आपला माणूस 'बरं आहे' म्हणतो. या 'बरं आहे'मध्ये आपल्याकडे काय वाट्टेल ते मावतं : पूर्ण बरा, अर्धा बरा, बरा नाही पण तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बरा. सिस्टर 'बरं आहे' ऐकून घेतात आणि पुढं विचारतात, "बाजाराला चालत जाता का? मध्ये किती ठिकाणी बसता?" पहिल्या सहा महिन्यांत माझा ९५ चा आकडा जो खाली आला, तो परत काही वर गेला नाही.

स्वीडनच्या मणक्याच्या सर्जन मंडळींनी हेच काम १९९३ पासून अख्ख्या देशासाठी मांडलं. नोंदवहीचं नाव स्वेस्पाइन, आणि ती त्यांची संघटनाच चालवते. गुडघ्याच्या सांध्यांची नोंदवही त्या देशात १९७५ मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे हाताला वळण होतं. पद्धत साधी आहे. ऑपरेशनआधी पेशंट स्वतः फॉर्म भरतो. सर्जन आपल्यापुरतं लिहितो : निदान काय, केलं काय, काही गडबड झाली का. मग एक, दोन, पाच आणि दहा वर्षांनी पेशंटला पुन्हा फॉर्म जातो, त्याच्या घरी. तो सर्जनसमोर भरायचाच नाही, ही त्यातली खरी खुबी. माझी वही म्हणजे त्याचीच गावठी आवृत्ती.

त्या फॉर्ममध्ये दुखण्याची मोजपट्टी असते आणि ऑस्वेस्ट्री नावाची दहा प्रश्नांची यादी असते. ती इंग्लंडमधल्या एका गावाच्या नावानं ओळखली जाते, १९८० सालापासून वापरात आहे. चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, वजन उचलणं, प्रवास अशा प्रत्येक गोष्टीला शून्य ते पाच गुण. बेरीज दुप्पट केली की शंभरातला आकडा निघतो. जितका मोठा तितका माणूस अडलेला. याचं मराठी रूपांतरही झालंय आणि नीट तपासलेलं आहे. एक कबुली देतो : आमच्याकडं हा फॉर्म भरून घेताना नवरा-बायकोच्या संबंधांचा प्रश्न दहातले नऊ जण कोरा सोडतात, सिस्टरही आग्रह धरत नाहीत. आणि 'बसणं' म्हणजे तिथं खुर्चीत बसणं. शिरोळची एक बाई मला म्हणाली, "खुर्चीत बसाय येतंय, पर मी खुर्चीत बसते कवा?" तेव्हापासून वहीत मी दोन प्रश्न पदरचे घातलेत : उकिडवं बसता येतं का, आणि मोटारसायकलवर मागं बसून गावाला जाता येतं का.

आता स्क्रू. नसांची जागा अरुंद झालेल्या पेशंटला जागा मोकळी करताना मणके रॉड-स्क्रूनं जोडूनही टाकायचे, म्हणजे फ्यूजन करायचं, ही चाल जगभर बोकाळली. सरकलेला मणका आणखी सरकेल ही भीती त्यामागे होती, आणि भीती अगदीच खुळी नव्हती. स्वेस्पाइनमधल्या अशा ५,३९० पेशंटची दोन वर्षांनंतरची उत्तरं २०१३ मध्ये मांडून पाहिली, तर जोडलेले आणि न जोडलेले यांच्यात म्हणण्यासारखा फरक दिसेना. नोंदवहीनं शंका काढली. मग तिथल्याच सर्जननी २४७ पेशंटवर अक्षरशः चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला, निम्म्यांना फक्त मोकळं करायचं, निम्म्यांना जोडायचंही. निकाल २०१६ मध्ये छापून आला. दोन वर्षांनी ऑस्वेस्ट्रीचा आकडा न जोडलेल्यांचा २४, जोडलेल्यांचा २७, म्हणजे सारखाच. मणका सरकलेल्यांतही तेच. दवाखान्यातला मुक्काम मात्र न जोडलेल्यांचा सरासरी चार दिवस, जोडलेल्यांचा सात. जोडण्याला वेळ जास्त, रक्त जास्त, पैसा जास्त.

तुमच्या मिस्टरांशी सगळ्यांत जवळचा प्रयोग नॉर्वेचा. १६ दवाखाने, २६७ पेशंट, सगळ्यांचा मणका कमीत कमी तीन मिलिमीटर सरकलेला. २०२१ मध्ये निकाल आला : ऑस्वेस्ट्रीचा आकडा तीस टक्के तरी खाली आला त्याला यश म्हणायचं असं आधीच ठरलेलं, आणि ते यश न जोडलेल्यांत शंभरी ७१.४ जणांना मिळालं, जोडलेल्यांत ७२.९ जणांना. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण न जोडलेल्यांत १२.५ टक्के, जोडलेल्यांत ९.१. हाही आकडा सांगायलाच हवा, कारण दुसरे डॉक्टर तो सांगतील आणि त्यांचं चुकणार नाही.

पण ताई, त्या ७१ आणि ७३ कडे जरा परत बघा. नॉर्वेचे दवाखाने, निवडलेले पेशंट, दोन वर्षं पाठपुरावा, आणि उत्तर ७२. आमच्या तुमच्या गावात ते ९५ होतं. आमचे हात त्यांच्यापेक्षा सरस आहेत म्हणून नाही.

तेव्हा दोन्ही डॉक्टरांना सरळ विचारा : हे ९५ कुणाला विचारून काढलं, ऑपरेशननंतर किती दिवसांनी? मग विचारा, वाकून आणि ताठ उभं राहून काढलेल्या एक्स-रेत मणका किती हलतो? फार डोलत असेल, कणा वाकडा असेल, नस बाहेर पडते त्या भोकातच दाबली जात असेल, तर जोडणं योग्य ठरू शकतं. फ्रॅक्चर किंवा टीबीची गोष्टच वेगळी. रॉड-स्क्रूची बाजू घेणारे दुसरे डॉक्टर याचं उत्तर चित्र दाखवून देत असतील तर ते ऐका. 'मी सगळ्यांना घालतो' हे उत्तर नव्हे.

आणि हो, सायकलवर बसवून बघा. अशा पेशंटला चालवत नाही पण पुढं वाकून सायकल मारता येते, कारण वाकलं की नसांना जागा मिळते. सायकलवरही पाय तितकेच भरून येत असतील तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्याशिवाय पाठीला सुरी लावू देऊ नका.

डॉक्टर म्हणतात बिडी सोडल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही. हा काय हट्ट? बिडीचा नि कंबरेचा काय संबंध?
— एक बिडी कामगार, सोलापूर

संबंध आहे. स्वेस्पाइनमधल्या ४,५५५ पेशंटचा हिशेब २०११ मध्ये छापला गेला. नसांची जागा मोकळी केलेले ओढणारे आणि न ओढणारे. दोन वर्षांनी ओढणाऱ्यांचं दुखणं कमी उतरलेलं, चालणं कमी सुधारलेलं, समाधानही कमी. मणका जोडायचा असेल तर आणखी अवघड, कारण निकोटिन हाड धरू देत नाही. तुमचे डॉक्टर हट्टी असतील, पण या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा. हातानं बिड्या वळून पोट भरणाऱ्याला 'बिडी सोडा' म्हणणं सोपं असतं, हे मला कळतं. सहा आठवडे तरी सोडून बघा.

माझी गादी सरकली होती, ऑपरेशन इथेच स्वीडनला झालं. आता वर्ष झालं आणि फॉर्म आलाय. मी ठणठणीत आहे. भरायलाच हवा का? आई म्हणते, कशाला लिहून देतोस, दृष्ट लागेल.
— अ. दे., गोटेबोर्ग

भर रे बाबा, आजच भर. ठणठणीत माणसं फॉर्म भरत नाहीत आणि कुरकुरणारेच भरतात, असं झालं तर नोंदवही खोटं बोलायला लागते. उलट झालं, बरे झालेले आनंदानं भरतात आणि अडलेले वैतागून फेकून देतात, तरी खोटंच. सगळ्या नोंदवह्यांचं हे कायमचं दुखणं आहे.

यावर तुझ्या शेजारच्या देशात मजेशीर काम झालंय. नॉर्वेची मणक्याची नोंदवही २००७ पासून देशभर चालते, कारभार पार उत्तरेकडे ट्रॉम्सोला. तिथल्या मंडळींनी ६३३ पेशंटचा पाठपुरावा पाहिला. दोन वर्षांनी २२ टक्के लोकांनी उत्तरच पाठवलं नव्हतं. मग त्यांनी फोन लावून या न बोलणाऱ्यांना गाठलं. भीती अशी की हेच बिघडलेले पेशंट असणार. तसं निघालं नाही. त्यांची तब्येत उत्तर पाठवणाऱ्यांसारखीच होती, आणि उत्तर का नाही दिलं तर बरेचसे म्हणाले, विसरलो. माझ्या वहीत मात्र तसं म्हणायची सोय नाही. माझ्याकडे न सापडणारे बहुधा विसरलेले नसतात, सिम बदललेले असतात.

तुझ्या फॉर्मचं पुढं काय होतं तेही सांगतो. स्वेस्पाइननं सगळ्यांना खुलं असं एक साधन केलंय, त्याचं नाव 'संवादाला आधार' अशा अर्थाचं आहे. डॉक्टर आणि पेशंट शेजारी बसून त्यात वय, बाई की पुरुष, धूम्रपान, दुखणं किती दिवसांचं वगैरे भरतात, आणि तशाच जुन्या पेशंटपैकी किती जण वर्षानं बरे होते, किती तसेच राहिले, किती बिघडले, ते समोर येतं. म्हणजे तुझ्यासारखाच कुणी, पाठीवर लॅपटॉपची बॅग अडकवलेला, ऑपरेशन करू की नको या विचारात बसेल तेव्हा तुझं उत्तर त्याच्या समोर असेल. नाव नसेल. आईला सांग, नावच नाही तर दृष्ट कुणाला लागणार?

नोंदवही निघाली की वर्तमानपत्रं सर्जनची गुणपत्रिका छापणार. मग अवघड केस कोण घेईल? जो फक्त सोप्या गादीच्या केस करतो तो पहिला येणार, आणि आमच्या सरकारी दवाखान्यात दोन वेळा फसलेलं ऑपरेशन घेऊन येणारे पेशंट आम्हाला शेवटच्या बाकावर बसवणार. तुम्हाला खासगीत बसून हे सुचतं.
— निवासी डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर

राग मान्य, शेवटचं वाक्यही मान्य.

आकडे नुसते रांगेत लावले तर तुमच्यावर अन्यायच होईल. दीड महिना पाय दुखणारा तिशीतला पोरगा आणि तिसऱ्यांदा पाठ उघडायला आलेली मधुमेही आजी, यांची तुलना करायची नसते. म्हणूनच तो ऑपरेशनआधीचा फॉर्म महत्त्वाचा. माणूस कुठून निघाला ते लिहिलेलं नसेल तर तो कुठं पोहोचला याला अर्थ नाही. वय, आधीची ऑपरेशनं, दुखण्याचा काळ, नोकरी, धूम्रपान, हे सगळं जमेस धरूनच तुलना होते. तरीही थोडा अन्याय उरतो, कारण काही गोष्टी फॉर्ममध्ये मावत नाहीत. पेशंटला ऑपरेशननंतर घरी पाणी भरायला कोण आहे, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

नोंदवहीची दुसरीही मर्यादा लक्षात घ्या, परीक्षेतसुद्धा उपयोगी पडेल. कुणाला स्क्रू घालायचे ते सर्जननं ठरवलेलं असतं, चिठ्ठीनं नाही. त्यामुळे वही फक्त बोट दाखवते, निवाडा देत नाही. ५,३९० जणांच्या नोंदीनंतरही २४७ जणांवर चिठ्ठ्या टाकाव्याच लागल्या, त्या याचसाठी. पण उलट बाजूही बघा. चिठ्ठ्यांच्या प्रयोगात निवडक पेशंट असतात. तुमची मधुमेही आजी तिथं घेतच नाहीत. ती फक्त वहीत सापडते.

आणि डॉक्टर, एक विचारू? तुमच्या वॉर्डात गेल्या वर्षी किती जणांना तिसऱ्यांदा उघडावं लागलं, हे आज तुम्हाला माहीत आहे का? असतं तर पहिलं ऑपरेशन कुठं फसतंय हे तुम्हीच सगळ्यांत आधी ओरडून सांगितलं असतं.

माझ्या कंबरेची माहिती सरकारदरबारी कशाला? उद्या विमा कंपनीनं बघितली तर? नाव-पत्ता न घेता आकडे गोळा करता येत नाहीत का?
— निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर

विम्याची भीती रास्त आहे. स्वीडनमध्ये पेशंटला 'माझं नाव काढा' म्हणायचा हक्क आहे, नॉर्वेत आधी संमती घेतात. आपल्याकडे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला; अशी वही निघालीच तर त्या चौकटीत, आणि विमा कंपनीला दार बंद ठेवूनच निघायला हवी.

पण नाव-पत्ता लागतो. का, ते खुब्याच्या एका सांध्यावरून सांगतो. एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा एक कृत्रिम खुबा होता. तो लवकर सैल होतोय, पुन्हा ऑपरेशनं करावी लागताहेत, हे ऑस्ट्रेलियाच्या सांध्यांच्या नोंदवहीत इतरांच्या आधी दिसलं. तिथून तो २००९ च्या अखेरीस उठला, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेतला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत बसवला गेला होता. पुढं चौकशी समिती बसली, भरपाई ठरली, आणि मग कळलं की त्यातल्या बहुतेकांचा पत्ताच लागत नाही. भरपाई द्यायचीय पण माणूस कुठाय? नुकसान भरून मिळायचं तर आधी सापडावं लागतं. पाठीत चार-सहा स्क्रू घेऊन हिंडणारी माणसं तर किती असतील. तुमच्या स्क्रूचं स्टिकर, कंपनी आणि बॅच नंबर असलेलं, डिस्चार्ज कार्डवर लावून घेतलंय ना? नसेल तर मागून घ्या.

स्वीडन एक कोटी लोकांचा श्रीमंत देश. आपल्याकडे खेड्यापाड्यांत हे स्वप्नातही शक्य आहे का?
— एक शिक्षक, बार्शी

गुरुजी, पत्ता बार्शीचा आणि प्रश्न हा?

देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तुमच्याच गावात १९८७ मध्ये सुरू झाली. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ ची, ती देशात सगळ्यांत जुनी. १९८२ पासून वैद्यक संशोधन परिषदेचा देशव्यापी कार्यक्रमही चालू झाला होता, पण तोवर सगळं शहरांतच. शहरात दवाखान्यांच्या फायली चाळल्या की पेशंट सापडतो. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर फाइल कुठली असणार? कॅन्सर झालेली बाई बहुतेक दवाखान्यात पोहोचतच नव्हती. मग नोंदणीची माणसंच गावोगाव फिरली. सरपंच, मास्तर, पोलीस पाटील, सुईण यांच्याशी बसून बोलली, लक्षणं सांगितली, कुणाला असं आहे का विचारलं, असेल त्याला बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात तपासायला यायची गळ घातली. म्हणजे नुसती नोंद झाली नाही, नोंद करता करता माणसं उपचाराला आली. ही पद्धत पुढं जगभरच्या कॅन्सरच्या अभ्यासकांनी वाखाणली. तुमच्या शाळेतल्या एखाद्या जुन्या मास्तरांच्या घरी त्या वेळचा नोंदणीवाला चहा पिऊन गेला असेल, विचारून बघा.

कॅन्सरची वही आणि मणक्याची वही सारखी नाही, हे खरं. तिथं मोजायचं, कुणाला झाला आणि पुढं काय झालं. इथं वर्षावर्षानं माणसाला गाठून विचारायचं. पण पायपीट तीच. स्वीडनला एक गोष्ट आयती होती : १९४७ पासून प्रत्येक माणसाला एक ओळख क्रमांक आहे, त्यामुळे गाव बदला, नाव बदला, माणूस हरवत नाही. माझ्या वहीत एकाच नावाचे चार पाटील आहेत, त्यातले दोन एकाच गावचे, आणि एकाचं ऑपरेशन दुसऱ्याच्या खात्यावर चढलेलं मला वर्षभर कळलं नव्हतं. आता आपल्याकडेही २०२१ पासून चौदा आकडी आभा क्रमांक आहे, आरोग्याच्या नोंदींसाठीचा. तो नुसता कार्ड काढण्यापुरता राहिला तर उपयोग शून्य. मणक्याच्या प्रत्येक ऑपरेशनच्या कागदावर तो चढला तर अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं पैशाचं. स्टॉकहोम प्रांतानं २०१३ पासून मणक्याच्या ऑपरेशनांचे पैसे देताना पेशंट नंतर काय सांगतो याला त्यात जागा दिली. दुखणं उतरलं की नाही यावर देयकाचा एक भाग ठरू लागला. आपल्याकडे महात्मा फुले योजनेत दवाखान्याला पैसे मिळायचे तर फोटो नि कागद अपलोड करावेच लागतात, आणि दवाखाने ते करतात, कुरकुरत का होईना. त्याच यंत्रणेत 'वर्षानं पेशंटला फोन' एवढी एकच ओळ घातली, आणि देयकाचा छोटा हिस्सा तिच्यावर अडकवला, तर काय होईल? माझे काही मित्र हे वाचून मला फोन करतील आणि शिव्या देतील. द्याव्यात. फोन करायची सवय तरी लागेल.

फोन लावणारं माणूस मात्र दवाखान्याचं नको. ते बार्शीच्या नोंदणीवाल्यासारखं हवं, जमिनीवर बसून बोलणारं.

एवढं लोकांना सांगता, तुमच्या त्या वहीतले तुमचे आकडे छापा की!
— तुमचा जुना पेशंट, जयसिंगपूर

इथं छापत नाही, कारण एका दवाखान्याचे आकडे लहान असतात आणि मासिकात छापले की जाहिरात होते. पण ओपीडीबाहेरच्या फळ्यावर दर जानेवारीत सिस्टर खडूनं लिहितात : किती ऑपरेशनं, किती जणांना फोन लागला, त्यातले किती म्हणाले बरे, किती तसेच, किती आधीपेक्षा वाईट. या नि बघा. मंगळवार-शुक्रवार सोडून, त्या दिवशी मी ऑपरेशनमध्ये असतो. पहिल्या वर्षी फळ्यावरचा 'वाईट'चा आकडा कुणीतरी रात्री पुसला होता. कोण ते मी विचारलं नाही. सकाळी सिस्टरनी परत लिहिला.

आणि तुम्ही जुने पेशंट म्हणताय, पण पत्राखाली नाव नाही. सिस्टर म्हणतात, जयसिंगपूरच्या तिघांचा फोन दोन वर्षांपासून लागत नाही. त्यातले तुम्ही असाल तर नवा नंबर तेवढा कळवा.